राज्य बदललं, गार्ड तोच

(पाडा-समित्यांच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. ऑक्टोबर १९७७. ज्यांना येता आलं नाही त्यांना वाचून दाखवता यावं म्हणून टिपणावरून लिहून काढलं आहे. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

भावांनो, बायांनो,

हळवं भात कापणीला आलेलं असताना तुम्ही दिवस मोडून आलात. तेव्हा लांबण लावत नाही. पण ज्या गोष्टीसाठी बसलो आहोत ती अर्ध्या तासात उरकण्यासारखीही नाही.

गेल्या महिन्यात आम्ही पाड्यापाड्यांवर फिरलो. सगळीकडे एकच सवाल आला. एका पाड्यावर एक म्हातारी नागलीच्या खळ्याशी बसली होती. आम्हाला बघून तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हीच सांगला ना, राज बदलवा म्हणून? बदलवला. मंग गार्ड का नाय बदलला?" बाजूची पोरं हसली. आम्हीही हसलो, पण जवाब काही सुचला नाही. त्या म्हातारीचा जवाब द्यायचा राहिलाय, म्हणून आजची ही बैठक.

सात महिने झाले. मार्चच्या २४ तारखेला मोरारजीभाई देसाई पंतप्रधान झाले. देश स्वतंत्र झाल्यावर पहिल्यांदा दिल्लीत काँग्रेस सोडून दुसऱ्यांचं सरकार आलं. त्या दिवशी आपल्याकडेही काही पाड्यांवर तारपा वाजला, हे आम्ही विसरलेलो नाही. आणि आज त्याच पाड्यांवर माणसं म्हणतात, "सगळे सारखेच."

हा राग खरा आहे. तो दाबायचा नाही. पण राग कुणावर, किती आणि कशासाठी, हे नीट पाहिलं नाही तर तो फुकट जातो. त्याहून वाईट म्हणजे सावकाराच्या कामी येतो. तो कसा, ते पुढं सांगतो.

आधी आपली कबुली. मार्चमध्ये आम्ही तुम्हाला काय सांगितलं? डहाणूकडच्यांना सांगितलं विळा-हातोडा-ताऱ्यावर शिक्का मारा. दुसरीकडे सांगितलं चक्रातल्या नांगरधाऱ्यावर मारा. दोन्ही एकाच बाजूचे, बाईंच्या विरुद्धचे. नांगर खांद्यावर घेतलेला माणूस चिठ्ठीवर बघून बऱ्याच जणांना वाटलं, हा तर आपलाच. आम्ही "असं वाटून घेऊ नका" म्हणालो का? नाही म्हणालो. मतं पाहिजे होती. "हे सरकार आलं की जमिनीचं होईल" असं आमच्यापैकी काही जण सभेत बोलून गेले. तेवढं बोलायला नको होतं. आज लोक आमच्याकडे बोट दाखवतात ते त्यासाठी, आणि ते बरोबर आहे.

पण शिक्का मारायला सांगितला ती चूक नव्हती. आठवा, दीड-दोन वर्षं काय चाललं होतं. चार माणसं एका ओट्यावर बसली तर पोलीसपाटील विचारायला यायचा. आपल्या बैठका रात्री, रानात, कंदील झाकून. नसबंदीचे आकडे मास्तरला, तलाठ्याला, गार्डाला वाटून दिले होते. ज्याचा आकडा भरेना त्याचा पगार अडे. मग त्यानं कुणाला धरायचं? शहरातल्या शेटजीला? त्यानं धरलं आदिवासी गड्याला. म्हातारे धरले, लग्न न झालेली पोरं धरली. मुंबईच्या विधानसभेनं तर सक्तीच्या नसबंदीचं बिलही पास केलं होतं, राष्ट्रपतींची सही राहिली म्हणून वाचलो. रानात लपून पावसात रात्र काढलेली माणसं इथं समोर बसली आहेत. त्यांनी शिक्का मारला तो नांगराला भुलून नाही, अंगावर आलेलं संकट परतवायला. ते परतलं. आज आपण दिवसाढवळ्या झाडाखाली बसून बोलतो आहोत आणि कागद छापून वाटतो आहोत. एवढं तरी या सात महिन्यांचं आपल्या पदरात पडलं.

आता मोरारजीभाईंबद्दल. वर्तमानपत्रवाले लिहितात नवा पंतप्रधान. आपल्या भागाला हे नाव नवं नाही. इथले म्हातारे त्यांना तीस वर्षांपासून ओळखतात. १९४६ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं, त्यात मोरारजीभाई गृहमंत्री होते आणि महसूलमंत्रीही. तेव्हा वारल्यांनी वेठ-बिगार मोडली होती. लगीनगडी मोकळे झाले होते, गवत कापायची आणि जंगलकामाची मजुरी वाढवून मागत होते. त्याआधी १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड तिथं पडला. ते इंग्रजाचं राज्य होतं. पण १९४७ च्या जानेवारीत नानिवलीला गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं मारली, तेव्हा मुंबईत आपल्याच लोकांचं सरकार होतं आणि पोलीसखातं मोरारजीभाईंच्या हाताखाली होतं. गोदावरीबाई परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढणारंही तेच. आपण लाल बावट्याचे नाही, आपली संघटना वेगळी आहे. पण हा इतिहास सगळ्या वारल्यांचा आहे. पुढं १९५५-५६ मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर आली तेव्हा हेच मुख्यमंत्री होते. १०५ हुतात्म्यांची गोष्ट शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

मग दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही अर्धंच बोलतो असं होईल. १९४८ चा कूळकायदा त्याच सरकारचा, त्याच महसूलमंत्र्याच्या वेळचा. कसणाराला जमीन मिळाली पाहिजे हे कागदावर आलं ते तिथून. त्यातून १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला. कूळ मालक ठरलं. आपल्यात किती ठरले? जे शेटच्या दारात गडी होते त्यांच्याकडून "मला जमीन नको, मी कसत नाही" असे जबाब लिहून घेतले गेले. अंगठा आपला, अक्षर शेटच्या दिवाणजीचं. कायदा आला आणि जमीन गेली. ज्याच्या बाजूनं कायदा लिहिला त्याच्यामागं कुणी उभंच राहिलं नाही. आजही तसंच चाललंय, फक्त कागद वेगळे.

म्हणजे हा माणूस आपल्याला माहीत होता. ताठ आहे, शिस्तीचा आहे, खादीचा आहे, पैसे खाईल असं शत्रूही म्हणत नाही. पण हाताखालचा फौजदार काय करतो ते वाकून बघणारा नव्हे. अशा माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची ते आपणच आधी ठरवायला हवं होतं.

या सात महिन्यांत दिल्लीत काय झालं? काही बरं झालं. तुरुंगातले लोक सुटले. वर्तमानपत्रं मोकळी झाली. आणीबाणीत काय काय झालं ते तपासायला शहा आयोग बसवला, आता त्याच्यापुढं साक्षी सुरू झाल्या आहेत. पण मिसाचा कायदा अजून पुस्तकात आहे, तो काढलेला नाही. ज्या ४२ व्या घटनादुरुस्तीला निवडणुकीत शिव्या दिल्या, ती अजून तशीच आहे. लोकसभेत बहुमत आहे, पण राज्यसभेत काँग्रेसचेच जास्त आहेत, तिथं अडतं. ते त्यांचं खरं कारण आहे. आपण ते मान्य करू.

पण ज्याला राज्यसभा आडवी येत नाही त्याचं काय? पाच पक्ष एकत्र येऊन एक पक्ष झाला. एका घरात पाच चुली. प्रत्येकाला वाटतं भाकरी आपल्याच तव्यावर भाजावी. पंतप्रधान एक बोलतात, गृहमंत्री चरणसिंग दुसरं. जगजीवनराम यांना वाटतं पंतप्रधानपद आपलं होतं. ते काही उगाच वाटत नाही. मार्चमध्ये खासदारांनी मतदान करून नेता निवडलाच नाही. जयप्रकाशजी आणि कृपलानींनी दोघांनी मिळून नाव सांगितलं. आधी राजघाटावर सगळ्यांनी शपथ घेतली होती, गांधीजींच्या समाधीपुढं. जूनमध्ये राज्याराज्यांत निवडणुका झाल्या, तिथंही मुख्यमंत्री कुठल्या चुलीचा यावरून ओढाताण. तेल महागलं. तेलाचा भाव विचारायला गेलो तर दुकानदार म्हणतो, तुमच्या जनता सरकारला विचारा. "तुमच्या" हा शब्द बघा कसा आपल्या गळ्यात मारतात.

आणि बेलछी. हे नाव लक्षात ठेवा. बिहारातलं गाव. २७ मे ला तिथं अकरा माणसांना मारून जाळलं. बहुतेक हरिजन, मजूर. मारणारे जमीनवाले. दिल्लीचं गृहखातं म्हणालं, ही दोन टोळ्यांची मारामारी आहे, जातीचं काही नाही. आपण हे शब्द इकडं किती वेळा ऐकलेत! शेटची माणसं आपल्याला मारतात तेव्हा फौजदार काय लिहितो? "आपसातला तंटा". बेलछीला नव्या सरकारचा एकही मोठा माणूस वेळेवर गेला नाही. ऑगस्टमध्ये गेल्या त्या इंदिराबाई. पाऊस, चिखल, रस्ता नाही, मोटार अडली, ट्रॅक्टर अडला, तर हत्तीवर बसून गेल्या. फोटो सगळीकडे छापून आले. तो फोटो आपल्या बाजाराच्या गावात चहाच्या दुकानात चिकटवलेला आम्ही पाहिला. त्या हत्तीनं जनता सरकारचं जेवढं नुकसान केलं तेवढं दहा भाषणांनी झालं नसतं. चूक हत्तीची नाही. रस्ता मोकळा होता, यांनी जायचं सोडलं.

नंतर परवाची गोष्ट. ३ ऑक्टोबरला बाईंना अटक केली. दुसऱ्या दिवशी कोर्टानं सोडून दिलं, म्हणालं धरायला पुरेसं कारणच दाखवलेलं नाही. आपल्यातल्या एका गड्याला सागाची फांदी तोडली म्हणून धरलं तर त्याला तालुक्याच्या कोर्टात सहा तारखा पडतात. आणि एवढ्या मोठ्या सरकारला एक केस धड उभी करता येत नाही! माणसं हसली. सरकारवर माणसं हसायला लागली की त्याचा कारभार अवघड होतो.

यातून आता सगळीकडे एक बोलणं निघालंय: "बाई होती तीच बरी होती. तिनं कर्ज माफ केलं, तिनं जमिनीचा कायदा केला." आमच्या संघटनेतही काही जण हे बोलतात, आणि ते काही फितूर नाहीत. म्हणून याचा नीट निकाल लावू.

जमिनीचा कायदा कधी आला? दोन गोष्टी आहेत. पहिली, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येणार नाही ही बंदी ६ जुलै १९७४ पासून आहे. दुसरी, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा. तो १९७४ चाच, लागू झाला १ नोव्हेंबर १९७५ ला. आणीबाणी कधी लागली? जून १९७५ ला. म्हणजे हा कायदा ठरला तो आणीबाणीच्या आधी. का ठरला? धुळे जिल्ह्यात शहादा-तळोद्याला भिल्लांनी गेलेल्या जमिनीवर नांगर घातले. ठाणे जिल्ह्यातही हालचाल सुरू झाली. सरकारला भीती पडली. बाईंनी मनाचा मोठेपणा दाखवून दिलेला तो कायदा नव्हता. आणीबाणीत तो फक्त वीस कलमांच्या फलकावर रंगवला गेला. काही ठिकाणी प्रांतानं गाडी घेऊन जाऊन जमिनीचे ताबे दिले, फोटो काढले. त्यातल्या काही जमिनी खऱ्या मिळाल्या, हे नाकारत नाही. ज्यांना मिळाल्या त्यांनी टिकवाव्यात. पण ज्या पाड्यावर माणसं संघटित नव्हती तिथं फोटो गेला आणि शेट दुसऱ्या दिवशी परत आला.

आणि हे बघा, आता सावकार काय करतो. एका बाजारगावात एका सावकारानं आपल्या माणसाला सांगितलं, "बाईचं राज्य गेलं, बाईचा कायदा गेला. आता जुनं खातं चालू. गुमान भात आणून टाक." त्या माणसानं दोन मण भात टाकलं. दुसऱ्या एकानं जमीन परत मागायचा अर्ज केलेला, त्याला गावातल्या पुढाऱ्यानं म्हटलं, "सरकार बदललं, अर्ज रद्द झाले, मागं घे." त्यानं अंगठा दिला. तुम्ही "सगळे सारखेच, काही होत नाही" म्हणून घरी बसता ना, ते त्यांना हवंच आहे. आपला राग असा त्यांच्या खळ्यावर जातो.

म्हणून कान देऊन ऐका. कर्जमुक्तीचा कायदा आणि जमीन परत देण्याचा कायदा, दोन्ही महाराष्ट्राचे आहेत. मुंबईच्या विधानसभेनं केलेले. दिल्लीत कुणीही बसलं, मोरारजी बसोत, चरणसिंग बसोत, उद्या आणखी कुणी, ते कायदे आपोआप जात नाहीत. ज्याला ते काढायचे असतील त्याला विधानसभेत येऊन काढावे लागतील, आणि तेव्हा आपण बघून घेऊ. सावकाराला भात टाकू नका. अर्ज मागं घेऊ नका. ज्यानं अंगठा दिला असेल त्यानं आमच्याकडे यावं, लाजू नये. जबरदस्तीनं घेतला असं लिहून पुन्हा अर्ज करू.

इथं मुदतीची गोष्ट आहे आणि ती फार महत्त्वाची. जमीन परत मागायचा अर्ज कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करायचा आहे. कलेक्टर स्वतःहूनही केस घेऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर कोण राहणार? १ नोव्हेंबर १९७५ पासून तीन वर्षं मोजा. येत्या महिन्यात दोन संपतात. एक उरतं. अर्जात काय लागतं? जमीन कुठली, गट किंवा सर्व्हे नंबर काय, कुणाकडून कुणाकडे कधी गेली, आणि मी स्वतः कसीन ही हमी. जमीन मिळाल्यावर ठरेल ती रक्कम भरायची असते, ती हप्त्यांनी भरता येते. "रोख आणा नाहीतर अर्ज घेणार नाही" असं कुणी म्हणालं तर ते खोटं. जुना सातबारा आणि फेरफाराचा उतारा काढा. पीकपाण्याच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते वाचून घ्या. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून, पण दोन पोरांकडून. एकाच्या वाचण्यावर जाऊ नका. एका पाड्यावर एकाच मास्तरानं सगळ्यांना "नाव आहे" असं वाचून दाखवलं, प्रत्यक्षात सात जणांचं नव्हतं. त्या मास्तरानं खोटेपणा केला की त्यालाही तलाठ्याचं अक्षर लागलं नाही, देव जाणे.

आता म्हातारीचा खरा सवाल. गार्ड.

जंगलाची गोष्ट जमिनीपेक्षा गुंतलेली आहे. आपले एकसाली प्लॉट कित्येक वर्षांचे. कुणाच्या बापाला 'अधिक धान्य पिकवा'च्या काळात दिलेले. दरसाल पावती, दरसाल तीच जमीन, दरसाल "या वर्षापुरतं". मग कधीतरी पावती द्यायची बंद झाली आणि आपण अतिक्रमणवाले झालो. त्याच बांधावर, त्याच नागलीत. वनविकास महामंडळ १९७४ ला निघालं. मिश्र जंगल तोडायचं आणि साग लावायचा, हे त्याचं काम. साग शेटला चालतो, रेल्वेला चालतो. बकरीला चालत नाही, राबाला चालत नाही, मोहाची जागा घेत नाही. जुन्या सरकारनं हे सुरू केलं. नव्या सरकारनं सात महिन्यांत याबद्दल एक शब्द काढलेला आम्ही वाचला नाही.

आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नाही. जंगल हा आधी फक्त राज्याचा विषय होता. ४२ व्या घटनादुरुस्तीनं, याच वर्षी जानेवारीपासून, तो दिल्ली आणि मुंबई दोघांचा झाला. याचा परिणाम आपल्याला आत्ताच दिसतो. मागच्या महिन्यात प्लॉटचा सवाल घेऊन आपली माणसं मुंबईला गेली. तिथं एक साहेब म्हणाला, धोरण दिल्लीचं, जनता सरकारला विचारा. आपण जनता पक्षाच्या एका पुढाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, जंगलखातं वसंतदादांच्या सरकारचं, काँग्रेसचं, त्यांना विचारा. चेंडू इकडून तिकडं. मधे आपण.

खरं काय? गार्ड, रेंजर, तलाठी, मामलेदार, प्रांत ही सगळी माणसं मुंबईच्या सरकारची. ते सरकार बदललेलंच नाही. एप्रिलमध्ये जनता सरकारनं नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या, त्यात महाराष्ट्र नव्हता. इथं लोकसभेला काँग्रेसला २० जागा आणि जनता पक्षाला १९, म्हणजे काँग्रेस इथं पुरती पडलीच नव्हती. १९७२ ला पाच वर्षांसाठी निवडलेले आमदार आज सहाव्या वर्षी बसले आहेत, तेही त्याच घटनादुरुस्तीच्या जोरावर. तेव्हा आजी, तुझा जवाब असा: राज बदललं ते दिल्लीचं. गार्ड ज्याच्या पगारावर आहे ते राज अजून बदललेलं नाही. पण हा जवाब अर्धाच आहे हे आम्हालाही कळतं. कारण उद्या मुंबईचं बदललं तरी गार्ड बदलेल असं छातीवर हात ठेवून आम्ही सांगू शकत नाही. मार्चमध्ये सांगितलं तसं आता सांगणार नाही.

दारूबंदीचं थोडक्यात. मोरारजीभाई म्हणतात चार वर्षांत सगळ्या देशात दारूबंदी. आपल्या बायांमध्ये याबद्दल बोलणं झालं, आणि बायांचं म्हणणं असं की दारू बंद झाली तर आम्हाला हवीच आहे, गड्यांच्या पगारातलं चार पैसे घरी येतील. हे ऐकून गडी खाली मान घालून बसले होते, तेही लिहून ठेवतो. पण त्याच बाया पुढं म्हणाल्या, मागची दारूबंदी आम्ही पाहिली आहे. १९४९ चा कायदा. बंद काय झालं? शेटची बाटली नाही झाली. आमच्या घरातली मोहाची फुलं धरली गेली. फुलं आम्ही खातो, बैलाला घालतो, बाजारात देऊन मीठ आणतो. फौजदाराला फूल दिसलं की हप्ता. तेव्हा संघटनेचं म्हणणं असं ठरलं: आधी भट्टीवाल्या ठेकेदाराला बंद करा, मोहाच्या फुलाला हात लावू नका. ठराव करून तो पंतप्रधानांच्या नावे पाठवायचा आहे. उत्तर येईल न येईल. त्यांना दारूची चीड मनापासून आहे, म्हणून निदान वाचतील असं वाटतं.

आमच्यातच एका गोष्टीवर मतभेद आहे, तो लपवत नाही. काही साथींचं म्हणणं, आत्ताच जनता सरकारवर मोर्चा काढू नये. बाई परत यायला टपून बसल्या आहेत, आपण ओरडलो तर त्यांचं फावेल, थोडी सवलत द्यावी. दुसऱ्यांचं म्हणणं, नेहमी कुणीतरी टपून बसलेलंच असतं, म्हणून गरिबानं गप्प बसायचं का? खूप वेळ बोलणं झालं. एकमत झालं नाही. ठरलं एवढंच की दिल्लीवर मोर्चाचा खर्च आपल्याला झेपतही नाही. आपली वीट तालुक्यात आहे, तिथं मारायची. "जनता मुर्दाबाद", "बाई मुर्दाबाद" दोन्ही घोषणा यावेळी नकोत. घोषणा एकच, सर्व्हे नंबर सांगून: अमुक नंबर, अमुक माणसाचा, ताबा द्या.

विधानसभेची निवडणूक आता फार लांब नाही. सगळे येतील. नांगरधारी येतील, गाय-वासरूवाले येतील, नवे कुणी येतील. ओट्यावर बसवा, पाणी द्या. मग विचारा: एकसाली प्लॉट कायमचे करणार का, हो की नाही? जमिनीच्या किती केसेस तुमच्या तालुक्यात पडून आहेत, आकडा सांगा. ज्याला आकडा माहीत नाही त्याला विचारायला परत पाठवा. त्यानं पुन्हा यावं. यावेळी चिठ्ठीवरचं चित्र बघून कुणी नाचायचं नाही. आम्हीही नाचवणार नाही.

कामाचं सांगून थांबतो. वाघबारशीच्या आधी प्रत्येक पाड्यानं दोन याद्या द्यायच्या आहेत. एक, १९५७ नंतर गेलेल्या जमिनींची. नाव, नंबर आणि कुणाकडे आहे ते. दुसरी, प्लॉटधारकांची: किती साल कसतो, जुनी पावती आहे का. फाटलेली असली तरी आणा, उंदरानं खाल्लेलीही आणा. उताऱ्यांसाठी तालुक्याला एकट्यानं जायचं नाही, पाच-पाचनं जायचं, त्यात एक बाई पाहिजेच. बाईपुढं कारकून जरा कमी ओरडतो असा अनुभव आहे. एस.टी.चे पैसे पाड्यानं गोळा करावेत. ज्यांच्याकडे नसतील त्यांचं संघटनेच्या पेटीतून बघू, पेटीत सध्या फार नाही. आणि ज्या भावानं दोन मण भात सावकाराला टाकलं, त्याच्याकडे परवा सकाळी आपण पंधरा-वीस जण जाणार आहोत. तो भाऊ आणि आपण मिळून ते भात परत मागायला. कोण कोण येणार, हात वर करा.